जर्मनीत एकच मध्ययुगीन किल्ला बघायला एक दिवस असेल, तर कोणता बघावा? आजूबाजूचा परिसर कसा आहे?

बुर्ग एल्त्स. मात्र गाडीने थेट किल्ल्याजवळ जाऊन उतरू नका. कोब्लेंझ-ट्रिअर रेल्वेमार्गावर मोझेलकेर्न हे छोटं गाव लागतं, तिथे उतरा आणि एल्त्सबाख ओढ्याच्या काठाने चालायला लागा. अंतर साधारण पाच किलोमीटर, रमतगमत दीड तास. (सोबत वयस्कर मंडळी असतील तर वरच्या बाजूच्या वाहनतळापासून किल्ल्यापर्यंत छोटी बस असते.)

मी ऑक्टोबरात गेले होते. ओल्या पानांचा वास, शेजारी ओढ्याची खळखळ, आणि चालून चालून किल्ल्याचा पत्ताच नाही! किल्ला म्हटलं की डोंगरमाथा डोळ्यांसमोर येतो, पण हा दरीत लपलाय. तिन्ही बाजूंनी ओढा, मध्ये ७० मीटर उंचीचा खडक आणि त्यावर हा. शेवटच्या वळणावर झाडं बाजूला होतात आणि एकदम डोक्यावर मनोरे उभे राहतात. मी तिथेच थांबले, बराच वेळ पुढे पाऊलच उचलेना.

आतल्या चौकात उभं राहून वर बघा, तिथे या वास्तूची खरी गंमत कळते. एल्त्स घराण्याचा पहिला उल्लेख ११५७ सालचा. १२६८ च्या आधी तीन भावांत वाटण्या झाल्या, पण किल्ला कुणीच सोडला नाही. तिन्ही शाखांनी शतकानुशतकं त्याच चौकाभोवती आपापली घरं चढवली. एका अंगणात तीन चुली! म्हणून कुठलाही मनोरा दुसऱ्यासारखा नाही. १८१५ मध्ये सगळी मालकी एका शाखेकडे आली आणि आजही किल्ला त्याच घराण्याकडे आहे.

भाऊबंद एकत्र बसायचे ते सरदारांचं दालन मला सगळ्यात आवडलं. भिंतीवर विदूषकांचे मुखवटे आहेत, म्हणजे इथे ज्याला जे वाटेल ते त्याने बोलावं. आणि दारावर कोरलेला गुलाब, म्हणजे इथलं बोलणं बाहेर जाता कामा नये. वाटण्या होऊनही घर का टिकलं, याचं उत्तर मला त्या दारात उभं राहून मिळालं.

आत मार्गदर्शकाबरोबरच फिरावं लागतं, साधारण ४० मिनिटं. फोटो काढायला मनाई आहे. खजिन्याचं दालन मात्र सावकाश बघता येतं. हिवाळ्यात किल्ला बंद असतो, तेव्हा एप्रिल ते ऑक्टोबर यातलंच काहीतरी ठरवा.

बाहेर पडल्यावर लगेच परतू नका. समोरच्या चढावर ट्रुट्झएल्त्सचे पडके अवशेष आहेत. १३३१ मध्ये ट्रिअरच्या आर्चबिशप बाल्डुइनशी (धर्मगुरू, पण त्या भागाचा सत्ताधीशही) एल्त्सवाल्यांचं बिनसलं, तेव्हा त्याने वेढा घालून हा छोटा किल्ला बांधला आणि तिथून खाली दगडांचा मारा केला. शेवटी एल्त्सवाले नमले, पण बुर्ग एल्त्स पडला नाही. पुढे १६८८-८९ च्या धामधुमीत फ्रेंच सैन्याने या भागातले कितीतरी किल्ले उद्ध्वस्त केले. हा वाचला, कारण घराण्यातलाच एक जण फ्रेंच सैन्यात मोठा अधिकारी होता.

वेळ उरला तर मोझेल नदीच्या काठी द्राक्षांचे मळे बघा. उतार इतके उभे की कामकरी तोल कसा सांभाळत असतील असं वाटतं. पायाखाली सगळी पाटीच्या दगडाची कपची, ती दिवसभराचं ऊन धरून ठेवते आणि द्राक्षांना ऊब देते. मी एक तुकडा उचलून बघितला, सूर्य कलला होता तरी कोमट लागला.