‘प्रतिगमन’ म्हणजे अधोगती नव्हे

वजनावरून रक्तदाबाचा अंदाज बांधण्याच्या सांख्यिकी रीतीला ‘प्रतिगमन’ (इंग्रजीत ‘रिग्रेशन’) का म्हणतात, त्यात परत कोण जाते आणि या शब्दात अधोगतीचा अर्थ आहे काय, असा प्रश्न आहे. शेवटचा भाग आधी घेतो, कारण ‘उंच आईवडिलांची मुले पिढ्यान्‌पिढ्या बुटकी होत जातात, तेच प्रतिगमन’ हे विधान वारंवार ऐकू येते आणि ते साफ चुकीचे आहे. ‘प्रतिगामी’ला राजकीय चर्चेत चिकटलेला वास येथे आणू नये. प्रति आणि गमन, म्हणजे निव्वळ परतणे.

या परतण्याचा उगम मोठा सुरेख आहे. आनुवंशिकतेचा अभ्यास करणारा इंग्रज संशोधक फ्रान्सिस गाल्टन याने १८७७ मध्ये स्वीट पी या फुलझाडाच्या बियांच्या आकाराविषयी बोलताना ‘रिव्हर्शन’, म्हणजे पूर्वजांच्या वळणावर जाणे, हा शब्द योजला होता. पुढे २०५ जोडप्यांच्या ९२८ प्रौढ अपत्यांची उंची तपासताना त्याने स्त्रियांची उंची पुरुषांच्या पातळीवर आणण्यासाठी १.०८ने गुणली, आईवडिलांची मिळून एक सरासरी काढली आणि १८८६ च्या निबंधात ‘रिग्रेशन’ हा शब्द रूढ केला. आईवडिलांची ही उंची सर्वसाधारण सरासरीहून ३ इंच अधिक असेल, तर अपत्ये सरासरीने २ इंचच अधिक भरतात, म्हणजे सर्वसाधारण सरासरीकडे परततात. पण खरी मौज उलट दिशेने आहे: ३ इंच अधिक उंच अपत्ये निवडली, तर त्यांच्या आईवडिलांची उंची सरासरीहून १ इंचच अधिक निघते. काळाच्या उलट दिशेनेही घडणारी गोष्ट ऱ्हास कशी असेल? दोन राशींचा संबंध किती घट्ट आहे हे सांगणाऱ्या आकड्यासाठी, म्हणजे सहसंबंध गुणांकासाठी, आजही लिहिले जाणारे ‘आर’ हे अक्षर त्याच जुन्या ‘रिव्हर्शन’चा अवशेष आहे.

म्हणूनच ‘रिग्रेशन’साठी ‘समाश्रयण’ या पर्यायाचा पुरस्कार करणाऱ्या परिभाषाकारांशी माझा तीव्र मतभेद आहे. त्यातला ‘श्रि’ धातू कौटिल्याच्या षाड्गुण्यातील, म्हणजे परराष्ट्रनीतीच्या सहा उपायांतील, ‘संश्रया’त आहे, तेथे दुबळा राजा बलवानाचा आश्रय घेतो. शब्द देखणा खरा, परंतु एक राशी दुसरीच्या आधाराने उभी आहे, असे तो वाचकाच्या मनात भरवतो आणि आकड्यांतील संबंधाला कार्यकारणाचे रूप देतो. शिवाय आईवडील अपत्यांच्या आश्रयाला गेले, असे तर कोणी म्हणणार नाही.

वजन आणि रक्तदाबाच्या समीकरणात परतण्याची कल्पना मागे पडली आहे. यूल आणि पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांनी रीत व्यापक केली, नाव मात्र जुनेच राहिले. मूळ अर्थ जिवंत दिसतो तो दुसरीकडे. एकाच मोजणीत रक्तदाब फार चढलेला आढळला म्हणून निवडलेल्या रुग्णांची सरासरी दुसऱ्या मोजणीत औषधाविनाही बहुधा खाली येते, कारण त्या निवडीत त्या क्षणापुरते चढलेले आकडेही आलेले असतात. हे प्रतिगमन वजा न करता ती सारी घट औषधाच्या नावावर जमा होऊ नये, यासाठीच औषध न घेणारा तुलनागट लागतो.