धरणात घर जातंय, नवऱ्याने टाकलंय, सातबारा सासऱ्यांच्या नावावर. मला वेगळं काही मिळेल का?

संपादन 2013 च्या भूसंपादन कायद्याखाली असेल, तर मिळू शकतं. विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता (टाकलेल्या स्त्रिया) या स्वतंत्र कुटुंब धरायच्या, असं कायद्याच्या व्याख्येतच आहे. जमिनीचा मोबदला मात्र सहसा सातबाऱ्यावरच्या नावाला जातो. पुनर्वसनाचे लाभ कुटुंबागणिक असतात: विस्थापित कुटुंबाला वर्षभर दरमहा 3000 रुपये निर्वाहभत्ता, सामान हलवायला 50,000, शिवाय घर. घरासाठी जागा नावावर नसली तरी बाधित क्षेत्राच्या अधिसूचनेआधी (सरकारी जाहीर सूचनेआधी) सलग तीन वर्षं तिथे राहिल्याचा पुरावा चालतो.

अडतं ते सर्वेक्षणात. यादी करणारा रेशनकार्ड बघतो. त्यात तुम्ही ‘सून’ म्हणून असाल तर सासऱ्यांच्याच कुटुंबात मोजल्या जाता. म्हणून आधी रेशनकार्ड वेगळं करून घ्या. घटस्फोट नसेल तर पोटगीचा आदेश किंवा अर्ज आणि ग्रामपंचायतीचा दाखला जोडा, बँक खातं एकटीच्या नावावर ठेवा. प्राथमिक अधिसूचना निघाली की हरकतीला 60 दिवस असतात. हरकत लेखीच द्या, पोच घ्या. तोंडी ‘नोंद घेतो’ला काही अर्थ नाही.