संगीत शिक्षक होण्यासाठी एम.ए. करावे की बी.एड.?

तुम्ही विचारले आहे की वाणिज्य शाखेची पदवी आणि गायनातील विशारद ही परीक्षा हाताशी असताना, नागपुरात राहून संगीत शिक्षक होण्यासाठी संगीतात एम.ए. करावे की बी.एड. मी दोन्ही केले आहे. दोन्हींनी माझ्यासाठी दारे उघडली, पण वर्गात गाणे कसे शिकवायचे हे मात्र मला तिसऱ्याच ठिकाणी शिकावे लागले.

शिकवायचे कोठे, हे आधी ठरवा. केंद्रीय विद्यालयांत प्राथमिक स्तरावर संगीत शिक्षकाचे स्वतंत्र पद असते आणि त्यासाठी बारावीला किमान ५० टक्के गुणांसह संगीतातील पदवी किंवा तिच्याशी समकक्ष पात्रता मागितली जाते. तुमची पदवी वाणिज्याची असल्याने सगळा भार ‘समकक्ष’ या एका शब्दावर येतो. विशारद त्यात धरले जाते का, हे त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचल्याशिवाय अर्जाचे शुल्क भरू नका.

महाविद्यालयात शिकवायचे असेल तर एम.ए.ला पर्याय जवळजवळ नाही. किमान ५५ टक्क्यांनी एम.ए. आणि त्यावर नेट किंवा सेट, म्हणजे प्राध्यापकपदाची राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षा, हा रूढ मार्ग आहे. नेटमध्ये दोन्ही पत्रिका मिळून १५० वस्तुनिष्ठ प्रश्न तीन तासांत सोडवायचे असतात. म्हणजे संगीताच्या प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा एकही सूर न लावता उत्तीर्ण होता येते, याची गंमत मला अजून वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत याला एक वेगळी वाटही आहे. नामवंत गुरूंकडे शिकलेल्या, पदवीधर आणि आकाशवाणी वा दूरदर्शनची ‘ए’ श्रेणी मिळालेल्या कलावंताचा, विषय सोदाहरण समजावून सांगता येत असेल तर, सहायक प्राध्यापक पदासाठी विचार होऊ शकतो. विशारदनंतर लगेच या वाटेने जाणारे मात्र विरळा.

एम.ए. नागपूर विद्यापीठातून करता येते. घर सोडायची तयारी असेल तर छत्तीसगडमधील खैरागढचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय पाहून या. १९५६ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ केवळ कलांसाठीच आहे, आणि नागपूरहून रेल्वेने राजनांदगाव वा डोंगरगढ गाठून पुढे रस्त्याने जाता येते. वाणिज्य पदवीधराला विशारदच्या आधारावर प्रवेश देण्याची अट विद्यापीठागणिक बदलते. एम.ए.मुळे रागांची समज, शास्त्र आणि मंचावर अर्धा-पाऊण तास टिकण्याची सवय येते. समोर पन्नास मुले बसली की काय करायचे, याचे उत्तर त्या अभ्यासक्रमात मला सापडले नाही.

ते बी.एड.मध्ये मिळेल अशी माझी समजूत होती. २०१५पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. आमच्या महाविद्यालयात संगीताची अध्यापनपद्धतीच नव्हती, त्यामुळे मी मराठी घेतली आणि ‘श्रावणातील निसर्गवर्णन’ यावर पाठटाचणे लिहीत बसलो. तरीही दोन वर्षे वाया गेली असे म्हणणार नाही. फळ्याकडे पाठ करून बोलू नये, एका तासिकेत एकच उद्दिष्ट ठेवावे, मागच्या बाकावरच्या मुलाकडे आधी पाहावे, या सवयी सराव पाठांनीच लागल्या.

खरी फजिती पुढे नागपूरच्या महाल भागातील एका शाळेत झाली. सहावीच्या वर्गापुढे पेटी घेऊन मी माझ्या नेहमीच्या काळी एकमध्ये, म्हणजे पुरुषी आवाजाच्या पट्टीत, षड्ज (सा) लावला आणि भूप रागाचा आरोह, म्हणजे चढते स्वर, म्हणायला सांगितला. अर्धी मुले खर्जात पुटपुटू लागली, काही सप्तक बदलून वर गेली, आणि उरलेली एकमेकांकडे पाहून हसू लागली. मुलांना कान नाही, असे मी शिक्षक-खोलीत सांगूनही मोकळा झालो. तेथे वीस वर्षे प्रार्थना बसवणाऱ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी काही न बोलता पेटीचा सा मुलांना झेपेल अशा वरच्या पट्टीत, काळी चारवर, नेला, एका मुलीला पुढे उभे केले आणि तिच्यामागून वर्गाला म्हणायला लावले. दहा मिनिटांत सारा वर्ग एका सुरात आला. आवाज फुटण्याच्या वयातल्या आठवीच्या मुलांना वरच्या सुरांवर ताण देऊ नये, त्यांच्याकडे ताल धरण्याचे काम द्यावे, हेही मी त्यांच्याकडे पाहूनच शिकलो.

ही गरज नवी नाही. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले, तेव्हा गवई घडवण्याबरोबरच शिकवणारे घडवण्यासाठी ‘उपदेशक वर्ग’ही चालवला. त्याच परंपरेतले शंकरराव सप्रे नागपुरात शिकवत असत, आणि गायक वसंतराव देशपांडे लहानपणी त्यांच्याकडेच शिकले.

तुमच्या जागी मी असतो तर आधी एम.ए.ला प्रवेश घेतला असता, कारण वाणिज्य पदवीमुळे राहिलेली उणीव तेच भरून काढते. बी.एड.चा निर्णय शाळेतच रमायचे हे नक्की झाल्यावर घ्या. प्रवेशाची वाट पाहत असताना, म्हणजे याच उन्हाळ्यात, लहान मुलांचा वर्ग घेणाऱ्या एखाद्या जाणत्या शिक्षकाकडे पेटी धरायला बसू देण्याची विनंती करा. मानधन मागू नका, आणि पहिला महिना स्वतः गाऊही नका.