घुमटाची किल्ली

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

शाळेने तारांगण तुझ्या ताब्यात दिलं हे वाचून आनंद झाला, आणि काळजीही वाटली. मी वर्षानुवर्षं सांभाळलेलं तारांगण आज नाही. त्या खोलीत आता मोडकी बाकं रचून ठेवली आहेत. ज्यांनी ते बंद केलं त्यांच्यावर मी बरेच दिवस चिडून होतो. पण त्याची सुरुवात माझ्याच हातून झाली होती, हे आता कळतंय.

किल्ली कायम माझ्या खिशात असायची. कार्यक्रम मीच करायचो, बिघाडही मीच काढायचो, आणि त्यातलं काहीच लिहून ठेवत नव्हतो. एकदा मी दोन महिने आजारी पडलो. तेवढ्यात प्रोजेक्टरचा दिवा गेला आणि कुणीतरी दिसायला तसाच दुसरा आणून बसवला. आमचं यंत्र साधं होतं, बारीक भोकांतून प्रकाश टाकणारं. त्याला ठिपक्याएवढ्या फिलामेंटचा (दिव्यातल्या तापून उजळणाऱ्या तारेचा) दिवा लागतो, कारण प्रत्येक भोक त्या फिलामेंटचंच चित्र घुमटावर उमटवतं. नव्या दिव्याचं फिलामेंट लांब होतं. मृगातला एकेक तारा वाकड्या टाचणीसारखा दिसायला लागला. यंत्र बिघडलं असं सगळ्यांनी धरून चाललं आणि वर्ग यायचे थांबले. परत आल्यावर मी दिवा पाच मिनिटांत बदलला, पण वेळापत्रकातली तासिका गेली ती गेलीच. पुढे जागेची मागणी आली, तेव्हा किती मुलं इथे येऊन गेली हे दाखवायला माझ्याकडे एक कागद नव्हता.

म्हणून आधी वही घाल. तारीख, इयत्ता, मुलांची संख्या, काय दाखवलं, काय बिघडलं, दिव्याचा नंबर. दुसरी किल्ली एखाद्या सहकाऱ्याला दे आणि त्याच्याकडून दर महिन्याला एक तरी कार्यक्रम करून घे.

दुरुस्तीसाठी अंदाजपत्रकात वेगळी रक्कम मागून घे, थोडी का असेना. घुमट उभारायला देणगीदार मिळतो, यंत्रातल्या झिजलेल्या ब्रशसाठी मिळत नाही. १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह उडाल्यावर अमेरिकेने १९५८ च्या कायद्याने विज्ञानशिक्षणाला निधी दिला, तिथल्या अनेक शाळांत तारांगणं उभी राहिली. त्यांतली कितीतरी पुढे बंद पडली. यंत्रं जुनी झाली, चालवणारे शिक्षक निवृत्त झाले.

मोबाइलवर आकाश दिसतं, मग घुमट कशाला, असं तुला विचारतील. वाद घालू नकोस, विचारणाऱ्याला आत बसव. दिवे सावकाश मंद कर, डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात. तुझ्या यंत्राला ग्रहांची चाकं आहेत ना? मग मंगळ चालव. तो पुढे सरकतो, थांबतो, मागे फिरतो, पुन्हा पुढे निघतो. खऱ्या आकाशात हे बघायला काही महिने नजर ठेवावी लागते आणि पुढची संधी साधारण २६ महिन्यांनी येते. घुमटाखाली मिनिटभरात सगळा वर्ग एकदम ओरडतो, ‘अरे, मागे चालला!’

आणि यंत्र काढायची वेळ आलीच, तर भंगारात जाण्याआधी एखाद्या विज्ञान केंद्राला विचार. आमच्या वेळी मी विचारलं नाही, रागात होतो.

माझ्याकडे दोन दिवे शिल्लक आहेत. होल्डरवरचा नंबर कळव, बसत असतील तर पाठवतो.

तुझा,
सर