पहिल्या पेचाकुचाची तयारी करताना

आपण प्रथमच पेचाकुचा पद्धतीने सादरीकरण करणार आहात, याचा मनापासून आनंद झाला. २००३ साली टोकियोत अ‍ॅस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम या वास्तुविशारदांनी सुरू केलेल्या या पद्धतीत २० चित्रे असतात, प्रत्येक चित्र पडद्यावर २० सेकंदच राहते आणि पुढचे आपोआप येते. त्यामुळे ६ मिनिटे ४० सेकंदांत बोलणे आटोपावेच लागते.

पंधरा मिनिटांचे भाषण भराभर बोलून या वेळेत कोंबण्याचा मोह नवोदितांना हमखास होतो. कृपया तसे करू नका. सावकाश बोलल्यास २० सेकंदांत जेमतेम ४० शब्द होतात, म्हणून प्रत्येक चित्रासाठी तीसेक शब्दच लिहावेत, म्हणजे आपल्याला श्वास घ्यायला आणि श्रोत्यांना चित्र न्याहाळायला उसंत मिळते. पडद्यावर मजकूर जवळजवळ नसावाच, कारण लोक वाचू लागले की त्यांचे ऐकण्याकडे लक्ष राहत नाही.

सुरुवातीला मात्र विशेष जपा. आमच्या गावच्या जुन्या विहिरीविषयी बोलताना मी पहिली दोन चित्रे प्रस्तावनेत आणि आभारांत खर्ची घातली, तेव्हा सभागृहात चुळबुळ सुरू झाली. पुढच्या वेळी दोर घासून खोल खाचा पडलेला काठाचा दगड आरंभीच दाखवला, तर मागच्या रांगेपर्यंत शांतता पसरली.

सराव उभे राहून, मोठ्याने आणि घड्याळ लावून करा. बोलण्यात मागे पडलात, तर उरलेले वाक्य निःसंकोच सोडून नव्या चित्राबरोबर पुढे चला.