कर्करोगाची गाठ प्रतिकारशक्तीला दिसत का नाही?

प्रश्न : साध्या सर्दीच्या विषाणूला आपले शरीर आठवडाभरात हुसकावून लावते. मग महिनोन्‌महिने वाढणारी कर्करोगाची गाठ त्याला ओळखू का येत नाही? माझ्या मावशींना तोंडाचा कर्करोग झाल्यापासून घरात प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे सुरू आहेत. त्यांचा उपयोग होईल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : गाठ पुष्कळदा ओळखली जाते आणि तरीही वाढते. खरे कोडे आहे ते हेच.

विषाणू बाहेरून येतो, कर्करोगाची पेशी मात्र आपल्याच पेशीपासून झालेली असते, त्यामुळे तिच्यात परके असे फारच थोडे असते. ते थोडे शोधण्याची सोय शरीरात आहे. तांबड्या रक्तपेशी सोडल्या तर जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे, साधारण आठ ते दहा अमिनो आम्लांचे, बारीक तुकडे एचएलए नावाच्या रेणूंवर बसवून पृष्ठभागावर मांडून ठेवते आणि फिरत्या टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) ते चाचपून पाहतात. जनुकात बिघाड होऊन प्रथिन बदलले, की एखादा अनोळखी तुकडा बाहेर दिसू लागतो. गाठीतल्या मेलेल्या पेशींचे अवशेष डेंड्रायटिक पेशी, म्हणजे टी-पेशींना शत्रूची ओळख करून देणाऱ्या पेशी, उचलून जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात. तिथे त्या तुकड्याशी जुळणारी टी-पेशी भेटली, तर ती विभाजित होत होत हजारोंच्या संख्येने वाढते आणि त्या टी-पेशी गाठीत शिरतात. त्या कर्करोगाच्या पेशीला अगदी चिकटून परफोरिन हे प्रथिन सोडतात, त्याने तिच्या आवरणाला छिद्रे पडतात आणि त्यांतून आत गेलेली ग्रँझाइम नावाची विकरे तिला स्वतःचाच नाश करायला लावतात. एचएलए रेणूच दडवून ठेवण्याची युक्ती काही पेशी करतात खऱ्या, पण एचएलए नसलेल्या पेशींवर तुटून पडणाऱ्या ‘नॅचरल किलर’ पेशीही आपल्याकडे असतात.

एवढी व्यवस्था असूनही गाठ सुटते, कारण ही झुंज लांबते. सहज ओळखू येणाऱ्या पेशी आधी मारल्या जातात, त्यामुळे मागे उरतात त्या कमी ओळखू येणाऱ्या, आणि पुढची गाठ त्यांचीच बनते. मधल्या काळात बरोबरीची अवस्था किती वर्षे टिकू शकते, हे स्कॉटलंडमधील २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रकरणात दिसते. एका दात्याची दोन मूत्रपिंडे दोघांना बसवली होती आणि त्या दोघांनाही मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग झाला. दात्याचा मेलॅनोमा सोळा वर्षांपूर्वी काढून टाकलेला होता आणि तो बरा झाला असे मानले गेले होते. त्याच्या शरीरात दबून राहिलेल्या पेशींनी, प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांच्या शरीरात डोके वर काढले.

गाठीचा दुसरा डाव अधिक धूर्त म्हणावा असा आहे. टी-पेशींनी आपल्याच अवयवांवर हल्ला करू नये म्हणून त्यांना सीटीएलए-४ आणि पीडी-१ असे ब्रेक असतात. पुष्कळ गाठी पीडी-एल१ हे प्रथिन पृष्ठभागावर आणून पीडी-१चा ब्रेक दाबतात, आणि मग शत्रूला ओळखणारी टी-पेशी गाठीच्या आत असूनही निष्क्रिय राहते. अमेरिकेतील जेम्स ॲलिसन यांनी १९९६ साली सीटीएलए-४ रोखून उंदरांमधील गाठी नाहीशा करता येतात हे दाखवले. पीडी-१चा शोध जपानमधील तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली लागला होता. दोघांना २०१८ चे नोबेल मिळाले. हे ब्रेक सोडवणारी औषधे आज वापरात आहेत, मात्र ती सर्वांना लागू पडत नाहीत, आणि मोकळ्या सुटलेल्या टी-पेशी कधी आतड्यावर, कधी फुप्फुसांवर किंवा थायरॉईडवर उलटतात.

किंमत हा आपल्याकडचा मोठा अडसर आहे. म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी केलेली एक चाचणी मला फार महत्त्वाची वाटते. डोके व मानेच्या भागातील, बरे होण्याच्या पलीकडे गेलेल्या कर्करोगाच्या रुग्णांना त्यांनी कर्करोगावरच्या कमी मात्रेच्या गोळ्यांसोबत निव्होलुमॅब हे पीडी-१चा ब्रेक सोडवणारे औषध दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिले. ही मात्रा प्रचलित मात्रेच्या एक दशांशाहूनही कमी आहे. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी सुमारे १६ टक्के रुग्ण वर्षभरानंतर हयात होते, तर हे औषध जोडलेल्या गटात हे प्रमाण सुमारे ४३ टक्के होते.

आता काढ्यांविषयी. मावशींच्या प्रतिकारशक्तीत ‘जोर’ कमी पडला म्हणून गाठ झाली, असे समजण्याचे कारण नाही. दबलेला ब्रेक काढ्याने सुटत नाही आणि काढा घेतल्याने कर्करोगाची गाठ विरते, असा पुरावाही नाही. शिवाय काही वनस्पतींमुळे यकृतात औषधांचे विघटन होण्याचा वेग बदलतो आणि केमोथेरपीची मात्रा कमी-जास्त पडू शकते. तेव्हा घरात जे काही दिले जात असेल, त्याची नावे डॉक्टरांना सांगावीत. तोंडाचा कर्करोग आरंभीच्या टप्प्यात असल्यास शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार आहे आणि ती काढ्याच्या भरवशावर पुढे ढकलू नये. आजार उलटलेला किंवा पसरलेला असेल, तर गाठीच्या तुकड्यावर पीडी-एल१ची तपासणी करावी का आणि कमी मात्रेचा पर्याय त्यांना लागू पडेल का, हे दोन प्रश्न पुढच्या भेटीत जरूर विचारावेत.