‘मुलांस समभागे’ : यात मुली आल्या का?

प्रश्न थोडक्यात असा. आजोबांचे मृत्युपत्र पेटीत सापडले. शेतकरी माणूस, सात एकर जमीन, एक विहीर, जुने घर. त्यातले कळीचे वाक्य : ‘माझ्या पश्चात सदर मिळकत माझ्या मुलांस समभागे मिळावी.’ विचारणाऱ्याचे वडील आणि काका म्हणतात, मुले म्हणजे आम्ही दोघे. तिघी आत्या म्हणतात, मुले म्हणजे आम्ही पाचही जण. तर शुद्ध मराठीत कोण बरोबर? आणि जाता जाता, गावात सगळे या कागदाला ‘वाटणीपत्र’ म्हणतात, ते चालते का?

एका शब्दावर बरेच काही अडले आहे. पहिल्या अर्थाने प्रत्येकी साडेतीन एकर, दुसऱ्या अर्थाने एक एकर सोळा गुंठे.

व्याकरणाला विचाराल तर ते आत्यांच्या बाजूचे आहे. ‘मूल’ नपुंसकलिंगी, त्याचे अनेकवचन ‘मुले’. ‘मुलगा’ पुल्लिंगी, त्याचे अनेकवचन ‘मुलगे’. ‘मुलगी’चे ‘मुली’. तीन शब्द, तीन रूपे, आणि विभक्तीतही ती वेगळीच राहतात : मुलांस, मुलग्यांस, मुलींस. आजोबांना फक्त मुलगे म्हणायचे असते तर ‘मुलग्यांस’ लिहिता आले असते. शिवाय स्त्री-पुरुष एकत्र आले की मराठी नपुंसकलिंगाचाच आसरा घेते. भाऊ आणि बहीण मिळून ‘भावंडे’. सगळे पुरुष असतील तर ‘ते तिघे आले’, बायका असतील तर ‘त्या तिघी आल्या’, मिश्र असतील तर ‘ती तिघं आली’. वर्गात बाई ‘मुलांनो’ म्हणतात तेव्हा मुली काही खिडकीबाहेर बघत बसत नाहीत.

इथेच थांबलो असतो तर आत्यांना पेढे वाटता आले असते. पण बोलणारा माणूस व्याकरण उघडून बोलत नाही. कोणत्याही मराठी वर्तमानपत्रातली निधनवार्ता काढा : ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, एक मुलगी, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’ इथे ‘मुले’ म्हणजे निखळ मुलगे. पाटीवर ‘मुलांचे वसतिगृह’ लिहिलेले असले तर मुलीचा बाप आत चौकशीला जात नाही. ‘मुलगे’ हा शब्द पुस्तकात जिवंत आहे, पण खेड्यात ‘मला दोन मुलगे’ असे सहज म्हणणारा म्हातारा मला तरी क्वचितच भेटला. तो ‘दोन मुलं अन् तीन मुली’ म्हणतो. मुली शेजारी उभ्या राहिल्या की ‘मुले’ आपोआप मुलगे होतात. एकटे असले की सगळ्यांना सामावून घेतात. माझ्या मते या शब्दाचा खरा नियम हा.

म्हणून एका वाक्यावर निकाल देता येत नाही, आणि कायदाही तो तसा देत नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ७४ नुसार मृत्युपत्रात पारिभाषिक शब्द असायलाच हवेत असे नाही, करणाऱ्याचा हेतू कळला म्हणजे झाले. आणि कलम ८२ म्हणते की मृत्युपत्रातल्या कोणत्याही कलमाचा अर्थ सबंध मृत्युपत्रावरून लावायचा. शब्दचर्चेलाही हेच लागू आहे. प्रश्नकर्त्याने पुढचे जे एक वाक्य दिले आहे, ते आत्यांना जड जाणारे आहे : ‘मुलींची चोळीबांगडी मुलांनी करीत जावी.’ इथे मुली एका बाजूला, मुले दुसऱ्या बाजूला. ‘चोळीबांगडी’ हा शब्दही साधा नव्हे. एके काळी राजघराण्यातल्या स्त्रियांना चोळीबांगडीसाठी गावेच्या गावे लावून दिलेली असत; शेतकऱ्याच्या घरी येईपर्यंत त्याचे दिवाळीचे लुगडे झाले. मुलीला जमीन द्यायची असती तर तिची चोळीबांगडी भावांवर कशाला सोपवली, असा प्रश्न काका विचारणार, आणि तो चुकीचा नाही.

‘समभागे’बद्दल दोन शब्द. ‘मनोभावे’, ‘एकमते’ यांसारखेच हे जुने तृतीयेचे रूप. अर्थ समान भागांनी. पण समान म्हणजे मोजणीने की मोलाने? विहिरीकाठची काळी आणि माळावरची मुरमाड एका मापात कशी धरणार? त्यासाठी आपल्याकडे फार सुंदर शब्द आहे : ‘सरस-निरस’. चांगले-वाईट पाहून, एकाला चांगली जमीन कमी तर दुसऱ्याला हलकी जास्त, अशा मानाने केलेले ते सरस-निरस वाटप. (संस्कृतच्या हिशेबाने ‘नीरस’ दीर्घ हवे. कागद लिहिणाऱ्यांनी ते कधीच ऱ्हस्व करून टाकले आहे, आणि मला ते खटकत नाही.) आजोबांनी हा शब्द लिहिला असता तर पुढची निदान अर्धी भांडणे वाचली असती.

आता ‘वाटणीपत्र’. नाही, चालणार नाही. क्रियापदे ऐका : वाटणी मागतात, वाटणी घेतात, वाटण्या होतात. तिथे हक्क आधीचाच असतो, जिवंत वाटेकरी समोरासमोर बसून फक्त तो वेगळा काढतात. मृत्युपत्र एकटा माणूस ‘करतो’, आणि ते त्याच्या मागे लागू होते. जे आपले आहे तेवढेच त्यात देता येते. म्हणून सातबारावरची जमीन ‘स्वकष्टार्जित’ की ‘वडिलोपार्जित’ हे आधी पाहा. (वडील + उपार्जित. मराठी शब्दाला संस्कृत शब्द संधीने जोडलेला. कर्मठ लोक नाक मुरडतात, पण तलाठ्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळे वापरतात.) जमीन एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित असेल तर आजोबांना मृत्युपत्राने स्वतःचा हिस्साच देता येतो. उरलेल्यात, हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२० च्या निकालानंतर, मुलीही मुलग्यांप्रमाणेच जन्माने सहदायाद, म्हणजे एकत्र मिळकतीतल्या वाटेकरी, ठरतात. तेवढ्यापुरता ‘मुले’ शब्दाचा अर्थ काहीही लागला तरी आत्यांचा हक्क शाबूत राहतो. नेमके कुणाला किती, ते वकिलाला विचारा. माझे काम शब्दांपुरते.

एक गोष्ट मात्र घरीच तपासता येईल. मृत्युपत्राच्या सुरुवातीला, ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’च्या आसपास, कुटुंबाची माहिती असते. ते पान तुम्ही पाठवलेले नाही. तिथे ‘मला दोन मुले व तीन मुली आहेत’ असे असेल तर आजोबांच्या तोंडी मुले म्हणजे मुलगे. ‘मला पाच मुले आहेत’ असे असेल तर आकड्यानेच शब्दाचा अर्थ सांगितला, आणि चोळीबांगडी ही जमिनीच्या वर.